धुतलेली माती

"हॅलो?… हॅलो! पुष्पे, तूच का? अगं, मी अण्णा. जालन्याहून. सेठच्या पेढीवरून बोलून राह्यलो… न्हाई, न्हाई, कुणाला काई झालं न्हाई. माय बरी हाये. भाईर पायरीवर बसलीय."

बद्रीनाथ झारेकरी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बोलत होता. सोनारांच्या दुकानांतली धूळ आणायची, शिशासोबत वितळवायची, तिच्यातलं कणकण सोनं-चांदी काढायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. अख्ख्या सराफ्यात त्याच्या हाताला नाव होतं. आणि आज पोटच्या पोरीशी बोलताना त्याला तोंड लपवायला जागा सापडेना.

"जास्ती वेळ न्हाई घेत, सांग तुमच्या त्या फोनवाल्या सेठला… हो, हो… अगं ऐक ना. ती माती… हो, डोहाळे लागले म्हणून तू मागवली ती. माहेरची… आवडली? सासूबाईनं पण चाखली?… लोण्यावाणी, हो… पुष्पे, ती खाऊ नको."

पलीकडं पोरगी खळखळून हसली.

"थट्टा न्हाई बाई! बिलकुल खाऊ नको… किती राह्यली?… संपली?"

त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

"शिसं हाये तिच्यात… शिसं, शिसं! आपली शेळी मेली. तुझी माती जिथून काढली, परसातल्या त्याच ढिगाला चाटायची. भट्टीची राख पिढ्यान्‌पिढ्या तिथंच टाकली ना आपण! ढोरांचे डॉक्टर म्हणले, इख गेलंय पोटात. मंग मी उरलेली माती कोळसा घालून भाजली. मुशीच्या तळाला मणी निघाला… सोन्याचा कुठला गं, शिशाचा!… धुतली होती ना! चांगली पाण्यावर पाणी घालून धुतली होती. तिथंच तर गाढवपणा झाला."

आता बघा, धुतलं की घाण जाते हे शेंबडं पोरही सांगेल. पण हा तर जन्मभर धूळच धूत आलेला माणूस!

"वाळू तळाला बसली, वरचा गाळ तेवढा मी निथळून घेतला. अन् शिसं धरून बसतंय ते गाळालाच. जेवढी मऊ, तेवढी वाईट. मी तुझ्यासाठी मऊ-मऊ निवडून दिली गं!… हिरीचं पाणी? ते बराबर हाये. आपली काळी माती चिकट, खाली जाऊच देत न्हाई. वरच्या वीतभर थरात सारं अडकून बसलंय… अगं, हाताला लागल्यानं न्हाई काई होत. पण आंबट लागलं की सुटतंय. आमी तेजाब वापरतो, तसंच. पोटात का कमी आंबट असतंय?… रडू नको. ऐक. जल्दी मोठ्या दवाखान्यात जा. शिसं म्हणूनच सांग, लाजू नको. सासूबाईला पण ने… त्यांना काय सांगायचं? सांग, माझ्या बापानं माती खाल्ली. तुझी कशाची चूक? माझी. सारी माझी."

पलीकडून पोरीनं रडता-रडताच काहीतरी विचारलं.

"कोण, माय?… हो. तिनं पण परसातलीच खाल्ली. तुझ्या आधी."

पुष्पाच्या आधी तिच्या मायची, तुळजाबाईची, तीन लेकरं गेली होती. लोकांनी तिच्या कुशीलाच नावं ठेवली. कुणी तिला ओटी भरायला बोलवेना. सासू तर उठता-बसता टोचायची, आणि हा बाबा खाली मान घालून भाकरी खायचा.

"तुझ्या वेळेला?… तुझ्या वेळेला ती हितं नव्हती. तिचा भाऊ घेऊन गेल्ता, घनसावंगीला. बाळंत होईस्तोवर तिकडंच… "

बोलता-बोलताच त्याला उमगलं, तिकडं ही माती नव्हती.

"पुष्पे… आता काय बोलू गं मी? लाज वाटून राह्यली. तूच सांग तिला. मी बोलावतो. माझ्यानं न्हाई व्हायचं… थांब, ठेवू नको… तुळजा! हिकडं ये जरा!"

तुळजाबाई पदर सावरत लगबगीनं आत आली. पोरीचा आवाज ऐकायचा म्हणून तिचं तोंड फुललं होतं.

"हॅलो? पुष्पे, ही घे, माय आली… हॅलो?… हॅलो!"

लाइन तुटली होती. त्यानं फोन हळूच खाली ठेवला.

"काय म्हणती पोर?" तुळजाबाईनं विचारलं.

"बस," तो म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवेना. "तुळजा, तुझ्या कुशीत काई खोट नव्हती."