आठ जणांनी मान आत घेतली

मेहुणा : ते सगळं ठीक आहे, दाजी. पण लिफ्टच्या टपावर बटणं घेऊन तुम्ही असणार आणि खाली खड्ड्यात मी, म्हणून विचारतोय. फोनवरच्या समुपदेशक मॅडमशी बोलणं चाललं होतं ना नीट? मग दर शनिवारी लांब जाऊन, खुर्च्या मांडून बसायचं हे काय नवीन काढलंत?

दाजी : सांगतो. आधी ती टॉर्च दे. टपावरचा बल्ब गेलाय.

मेहुणा : टॉर्च राहू द्या. साहेबांनी माझ्यावर सोपवलंय. मी हो म्हटलं तर आजपासून आपली जोडी पुन्हा सुरू. नाही म्हटलं तर तुम्ही कायमचे स्टोअरमध्ये, नटबोल्ट निवडत. संध्याकाळी ताई विचारणार, काय ठरलं.

दाजी : तुलाच विचारेल. मला कशाला विचारते?

मेहुणा : तुम्हाला विचारून तिला खरं उत्तर कधी मिळालंय?

दाजी : नाही मिळालं. बरोबर आहे तुझं.

मेहुणा : मग आता खरं बोला.

दाजी : मॅडम चांगल्याच आहेत रे. पहिला शब्द त्यांच्यासमोरच निघाला माझ्या तोंडून. स्वयंपाकघराचं दार लावलं, मिक्सरला फोन टेकवला आणि म्हणालो, मला पत्त्यांशिवाय राहवत नाही. जुगार आहे हा, मला कळतंय. समोर माणूस बसलं असतं तर घशातून आवाज फुटला नसता. मी दवाखान्याच्या रांगेतही नंबर विचारत नाही कुणाला.

मेहुणा : मग बिनसलं कुठे?

दाजी : तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना लहान केलं.

मेहुणा : म्हणजे?

दाजी : एका बोटाने होतं ते. मॅडमचा चेहरा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. उरलेल्या पडद्यावर पत्ते. त्या विचारायच्या, हा आठवडा कसा गेला? मी म्हणायचो, बरा गेला. आणि अंगठा पानं टाकत असायचा.

मेहुणा : जुगार सोडवणाऱ्या बाईंच्या डोळ्यांदेखत जुगार. धन्य आहे तुमची.

दाजी : पाच आठवडे.

मेहुणा : आणि त्यांना कळलं नाही?

दाजी : त्यांना फक्त चेहरा दिसायचा. चेहरा माझा साळसूद आहे. तूही फसलासच की.

मेहुणा : त्या दिवशी खड्ड्यातून मी ‘वर’ म्हणालो होतो, दाजी.

दाजी : हो.

मेहुणा : तुम्हीही ‘वर’ म्हणालात. खालच्याने सांगायचं, वरच्याने तेच परत म्हणायचं, मगच बटण दाबायचं. बारा वर्षं दुसरं काही केलं नाही आपण. तुम्ही तोंडाने ‘वर’ म्हणालात आणि दाबलंत खालचं.

दाजी : डोळे फोनवर होते.

मेहुणा : खड्ड्यातल्या लाल बटणावर माझा हात पोहोचला म्हणून लिफ्ट थांबली. डोक्यावर चार बोटं जागा उरली होती. ताईला मी अजून सांगितलेलं नाही.

दाजी : मी सांगितलं.

मेहुणा : काय? कधी?

दाजी : रविवारी. शनिवारी त्या खोलीत सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी घरी.

मेहुणा : काय म्हणाली ती?

दाजी : उठली, तुला फोन लावला, जेवलास का विचारलं आणि ठेवला.

मेहुणा : अस्सं. मी म्हटलं, दुपारी चार वाजता ही जेवणाचं काय विचारतेय.

दाजी : मॅडमना त्याच्याही आधी सांगितलं होतं. त्यांना लहान करत होतो तेही, आणि तुझं तेही. त्या गप्पच झाल्या. मला वाटलं नेट गेलं. मी आपला हॅलो, हॅलो करत बसलो.

मेहुणा : तुमचं काही खरं नाही.

दाजी : मग त्या म्हणाल्या, आपलं बोलणं चालू ठेवू, पण जोडीला अशा ठिकाणीही जा, जिथे कुणाला लहान करता येत नाही. या खोलीचा पत्ता त्यांनीच दिला.

मेहुणा : आणि आहे काय तिथे?

दाजी : नऊ खुर्च्या. एक डुगडुगते, ती मला मिळाली. एक निवृत्त मास्तर आहेत, एक बेकरीवाला, एक नर्स. ती नर्स म्हणते, मी आधी वर्षभर फोनवरच बोलले, ड्यूटी संपली की गाडीत बसून. तेव्हा कुणी असं समोर बसवलं असतं तर पळून गेले असते. ज्याचं त्याचं असतं. पण बारक्या, तिथला नियम ऐक. एकाने बोलायचं. शेजारच्याने ते परत म्हणायचं. मगच पुढे जायचं.

मेहुणा : आपल्यासारखं?

दाजी : अगदी आपल्यासारखं. मी थक्क झालो. त्यांच्यातल्या कुणी उभ्या जन्मात लिफ्टचा खड्डा बघितलेला नाही.

मेहुणा : बरं, मग?

दाजी : माझा नंबर आला. सगळं सांगितलं. टप, खड्डा, बटणं. मग म्हणालो, लिफ्ट चार बोटांवर येऊन थांबली. आणि आठही जणांनी मान आत घेतली.

मेहुणा : मान?

दाजी : अशी, खांद्यांत. एकदम, कुणी कुणाकडे न बघता. मास्तरांनी तर डोक्यावर हात धरला. माझ्यासाठी नाही रे. मी टपावर होतो, मला काय होणार होतं? ते सगळे तुझ्या जागी जाऊन बसले होते. तुझं नावसुद्धा माहीत नाही त्यांना.

मेहुणा : मग परत कोण म्हणालं?

दाजी : बेकरीवाल्याला ते परत म्हणायचं होतं. दोनदा सुरुवात केली, जमेना. शेवटी एवढंच म्हणाला, खाली एक माणूस होता.

मेहुणा : हं.

दाजी : तोपर्यंत मी मनात धरून होतो, चूक झाली, निभावलं. त्या माना बघितल्या आणि पहिल्यांदा मला खड्ड्यातला तू दिसलास. इतकी वर्षं पानं उलटून बघितली, पण असलं काही कधी बघितलं नव्हतं. मॅडमनीही घेतली असेल मान आत. माझं लक्ष नव्हतं.

मेहुणा : फोन कुठाय तुमचा?

दाजी : तुझ्या पिशवीत, पान्यांच्या खाली. सकाळीच ठेवला.

मेहुणा : तुम्ही सुटलात असं मला वाटत नाही, दाजी.

दाजी : मलाही नाही वाटत. शनिवार अजून पुष्कळ आहेत. बुधवारी मॅडम आहेत. आता तुझी ताई शेजारी बसते.

मेहुणा : ही घ्या टॉर्च.

(दाजी पहिल्या मजल्यावरून लिफ्टच्या टपावर चढतो. मेहुणा शिडीने खड्ड्यात उतरतो.)

मेहुणा : मी खाली आहे. हात लाल बटणावर आहे माझा.

दाजी : तू खाली आहेस. हात बटणावर आहे. राहू दे तिथेच.

मेहुणा : वर.

दाजी : वर. थांब, बघतो. हे वरचं. दाबतोय.

मेहुणा : गेली वर. उजेड आला खाली.

दाजी : उजेड आला खाली.

मेहुणा : हे परत म्हणायची गरज नव्हती.

दाजी : माहीत आहे. हात बटणावर आहे ना?

मेहुणा : काढला मघाशीच.