खांड बुजवायचा उपाय

मी हौसाबाय, माहेर-सासर दोन्ही खाडीकाठचंच, कासूच्या पलीकडं, मिठागरात पाय भिजवूनच मोठी झाले, आणि मिठागर बंद पडलं तवा दिराच्या भातखाचरात राबायला लागले, नवरा आधीच गेलेला, पदरात एक लेक, सुनंदा. आमचं शेत म्हणजे खाडीकडनं मागून घेतलेलं, अलीकडं भात, पलीकडं खारं पाणी, मधी मातीचा बांध. पाण्यानं बांध फोडला, खांड पडली, की ज्याला दिसलं त्यानं ओरडायचं, आणि शेत कुणाचं ते न विचारता सगळ्यांनी चिखलाची ढेकळं घेऊन धावायचं. पण पाणी कुठं वळवायचं ते एकट्यानं ठरवायचं नाय, ते गावकी बसून ठरवते. तिथंच मी चुकले.

शेजारी एक कंपनी आली, हापीस रोह्याला, माल ठेवायचं आवार आमच्या खाडीवर. तिच्या बांधाला दर उधाणाला एकाच जागी खांड. दगड टाकला, शिमिट टाकलं, चिखलात दगड थांबतो काय, गेला खाली. मग काय सांगू तुम्हाला, सायबानं आपली अडचण कंप्युटरवर टाकली, ते इंटरनेट नवीनच आलेलं, तिथं बाजारच भरतो म्हणे, कंपन्यांनी अडचण मांडायची, कुणीबी कुठनंबी उपाय टाकायचा, लागू पडला त्याला बक्षीस. परदेशातनं बी उपाय आले, एक टिकला नाय. मग तोच कागद मराठीत करून पंचायतीत लावला. सुनंदानं वाचून दाखवला तशी मी हसले, एवढे शिकलेले आणि एक खांड बुजत नाय. ती बोलली, आये, तुला येतं तर सांग ना गो. आणि मला हुरूप आला, खोटं कशाला बोलू, जन्मभर चिखल वाहिला, पण कसं करायचं ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

मी सांगत गेले, ती लिवत गेली. खांडीवर उभं राहून पाण्याशी भांडू नका, भरती कमी असते त्या भांगाच्या दिवसांत मागं सरा, वळसा घालून मातीचा बांध घाला, मधी पेंढा तुडवा, आणि खाडीचा जुना फाटा हाय तो मोकळा ठेवा, पाणी तिथं पसरतं म्हणून त्याचा जोर मोडतो. खाली सही केली. दिराला, पांडूभावजींना, विचारलंसुद्धा नाय.

कंपनीचा बांध टिकला. मला रोह्याला बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, फोटो काढला, माझा ऊर भरून आला. पण त्यांनी माझा कागद अर्धाच घेतला. बांध घातला मी सांगितला तसा, आणि जुना फाटा कुठं हाय ते माझ्याकडनंच कळलं, आणि त्यातच भराव टाकून आवार वाढवलं. पुढच्या उधाणाला ते पाणी आमच्या बांधावर आलं. आम्ही धावलो, पण तोवर उभ्या भातात शिरलेलं, आणि एकदा खारं शिरलं की दोन-तीन वर्षं जमीन काय देत नाय. पहिलं भावजींचं खाचर गेलं. ते एवढंच बोलले, वयनी, गावाला विचारलं असतंस तर आपण फाटा राखला असता. मग बोलणंच टाकलं.

मी परत रोह्याला गेले, बोलले, फाटा मोकळा करा, मी लिवून दिलंय की. सायब चहा पाजून बोलले, मावशी, तुम्ही सही केली तेव्हा तो उपाय कंपनीचा झाला, त्यातलं किती घ्यायचं ते आम्ही बघू, नवी सूचना असेल तर नवा फॉर्म भरा. भरला तो बी, ह्या खेपेला सगळ्या गावाच्या सह्या-अंगठे घेऊन. उत्तर नाय.

परवा गावकी बसली. मला बोलावणं नव्हतं, तरी गेले, सगळ्यांपुढं बोलले, चुकले मी. भावजी खाली बघत होते, मग बोलले, वयनी, बस. बसले. पाणी काढायला दुसरी वाट हाय, ती कुठनं न्यायची ते दुपारभर बोललो आणि ठरलं. आता तुम्ही एवढं लिवून घेताय, लिवा, तुमचं भलं होवो, माझी चूक लिवा, नाव बी घाला. पण ती वाट कुठनं जाते ते नका विचारू. सांगायचं तर आधी गावकीला विचारीन.