आयेच्या डोईवरचा बांबू

— कसं साठवलं, म्हणता? अहो मेस्त्री, त्यात काय मोठंसं! आईबापाच्या घरात राहतो, भाडं न्हाय, भाकर घरची, म्हावरं दारात, मंग पैशाला पाय फुटतील कुठून? बाकीची पोरं बघा — वाटा हातात पडला का चालली ताडीच्या दुकानावर, न्हायतर मांडव्याहून मुंबईला, नि दोन दिवसांनी खिसे झाडत परत. मी न्हाय. तुम्ही रेवदंड्याकडचे, तुम्हाला काय ठाऊक असणार — या अख्ख्या कोळीवाड्यात तेविसाव्या वर्षी स्वतःची होडी बांधायला घेतलेला हा एकटा हरेश्वर. बापूस तर सांगत सुटलाय गावभर. बसा ना, त्या ओंडक्यावर बसा, ऊन उतरलं का लाकूड बघू.

दर आठवड्याला मचव्यावरचा वाटा मिळायचा, तो आयेच्या हातात द्यायचा — आमच्यात तशीच रीत, बाजार बायका करतात, पैसा बायकांच्या कनवटीला. मी द्यायचो, पण आठ आणे मागं ठेवून. चोरी? चोरी कसली, माझ्याच घामाचे न्हाय का? — बरं, चोरी म्हणा. आयेला सांगायचो, या खेपेला म्हावरं कमीच लागलं. ती पैसे कनवटीला खोचायची नि ताट वाढायची. चार वर्षं हेच. ठेवायचे कुठं? घर ते केवढं — एक खोली नि पुढं पडवी. तर आय जिथं निजायची ना, तिच्या बरोबर डोईवर छपराचा एक बांबू, एका तोंडानं उघडा. आत पैसे, वर चिंधीचा बोळा. आय बाजाराला गेली का मी चढायचो, घाईघाईत पैसे आत ढकलायचो; हात घालून कधी बघितलं न्हाय, हिशोब सगळा मनात. एकदा मात्र धसकाच बसला — वैशाखात छप्पर शाकारताना बापूस बोलला, हा बांबू कुजलाय, काढून टाकू. तर आय खालून बोलली, राहू दे तो, चांगला हाय अजून, त्याला हात लावू नका. पुढल्या वर्षी परत तेच. म्हटलं, काय नशीब हाय माझं! मनात हसलो पण. हसलो हो, मेस्त्री.

व्हय, आय गेली माझी. गेल्या श्रावणात. होड्या वर ओढलेल्या, कमाई बंद, नि तिला ताप भरला तो उतरेचना. बापूस बोलला, अलिबागचा डॉक्टर आणू — गाडी, फी, औषध धरून दहा रुपये. चार घरं फिरला बिचारा भर पावसात, पण पावसाळ्यात कोणाच्या घरात पैसा असतो? हात हलवत आला, भिंतीला टेकून बसला नि ढसाढसा रडला. आणि मी? मी तिथंच होतो, जाळ्याला गाठी मारत. डोईवर बासष्ट रुपये. बासष्ट! — न्हाय, असं बघू नका, ऐका तर खरं. मला वाटलं, उतरेल ताप, दर पावसाळ्यात येतो नि जातो. वाटलं, आता काढले तर बापूस विचारेल, कुठून आले, कधीपासून चोरतोस. लाज वाटली. खरं सांगू — लाज पण वाटली नि होडी पण दिसत होती डोळ्यांपुढं. उद्या काढू, म्हटलं. उद्या. तिची तर वाचा गेलेली, उताणी पडून वर बघायची. सारखी वर. मंग माझ्याकडं. परत वर. मी समजलो, तापाचा वात हाय. उठून पाणी पाजलं तिला.

काय? होडीचं नाव? बापसानं काय सांगितलं तुम्हाला — वेणूबाई? तिचंच? — हं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! तेराव्यानंतर मी वर चढलो, मेस्त्री, होड्या वर ओढल्यापासून पहिल्यांदाच. तर बोळा माझा न्हवताच. तिच्या लुगड्याची चिंधी ती, सुक्या बोंबलाचा वास येणारी. आत माझे बासष्ट, नि त्यांच्या मागं, पार आत, वेगळे बांधून ठेवलेले सत्तावीस. तिचे. बाजारातून येऊन गुपचूप टाकत होती, माझ्या होडीत. म्हणजे सगळं ठाऊक होतं तिला! मंग ती वर बघत होती ते काय — काढ बोलत होती, का राहू दे बोलत होती? सांगा ना. तुम्ही वयानं मोठे, तुम्हाला पोरंबाळं हायेत, सांगा. काढ बोलत असेल तर मी तिला मारली. राहू दे बोलत असेल तर — तरी मीच मारली ना? आता त्या खोलीत माझं पाऊल पडत न्हाय. पडलं का मान आपोआप वर जाते, नि वर बघितलं का खालून तिची नजर लागते मला. एखाद्या दिवशी न्हाय, रोज.

ते नाव नको. दुसरं कायबी घाला — न्हायतर होडीच नको. खरंच नको. दिलेला इसार तुम्हाला राहू द्या, लाकूड परत न्या. त्या सत्तावीस रुपयांच्या फळ्यांवर पाय ठेवून मी दर्यात जाऊ कसा? बापसाला मी सांगतो. आजच सांगतो, सगळं, तुमच्यासमोर सांगतो, तुम्ही फक्त बसून राहा, उठू नका, एकट्यानं मला न्हाय जमायचं —

बाबा! या ना. न्हाय, काय न्हाय. मेस्त्री होडीचं नाव विचारत होते. व्हय, आयेचंच. दुसरं कुणाचं घालणार? रडता काय, बाबा, पुसा ते डोळे. — मेस्त्री, निघा तुम्ही आता. खाडीला भरती लागेल.