घाट अजून बर्फाखाली

गिरजाबाई : म्हणजे लेहहून श्रीनगरपर्यंत तू बसनेच आलास.

जयप्रकाश : किती वेळा सांगू, आई? बसनेच.

गिरजाबाई : चिडतोस कशाला? आईने पोराला प्रवास विचारू नये? मुक्काम कुठं पडला?

जयप्रकाश : कारगिलला. दोन दिवसांचा रस्ता, रात्री तिथं थांबतातच सगळे.

गिरजाबाई : जेवलास काय?

जयप्रकाश : डाळ-भात. नाही… रोटी.

गिरजाबाई : ठरव बाबा. आणि तो मोठा घाट? जोझीला का काय?

जयप्रकाश : केला की पार. ड्रायव्हर हुशार होता.

सुनीती : आई, चला ना. मंडपात बुवा आलेसुद्धा. पेटीचे सूर ऐकू येतायत. उशीर झाला तर पुढची जागा जाईल तुमची.

गिरजाबाई : जाते कुठं! सुमित्राबाईंनी धरून ठेवलीय. त्यांचा भाचा तिकडेच लष्करात आहे ना. काल मला बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, घाट अजून बर्फाखाली आहे. मे उजाडल्याशिवाय तिथून मुंगी जात नाही.

(जयप्रकाशने चहाची बशी खाली ठेवली. गिरजाबाईंना उत्तर नकोच होतं. त्यांनी फक्त लेकाचा चेहरा बघितला, आणि तो त्यांना पाळण्यापासून पाठ होता.)

सुनीती : सुमित्राबाईंचं काय मनावर घेता! त्या काहीही बोलतात.

गिरजाबाई : सूनबाई, तू मध्ये पडू नको. ‘आई सीरियस’ अशी तार तूच केलीस ना?

सुनीती : मग काय करायचं होतं? ओट्यापाशी कोसळलात तुम्ही. डॉक्टरसुद्धा टेन्शनमध्ये होते.

गिरजाबाई : जयू, इकडे बघ. किती वेळ लागतो विमानाला?

जयप्रकाश : अर्धा तास. थोडा जास्त. आई, रस्ता बंद होता! तू इथं अशी, आणि मी तिथं टेलिफोनच्या तारा जोडत बसू?

गिरजाबाई : रामासमोर मी काय बोलले होते, ते ठाऊक होतं ना तुला?

सुनीती : काय बोलला होतात?

जयप्रकाश : लेहची बदली आली त्या दिवशी विमानाच्या धास्तीने हातावर पाणी सोडलं हिने. म्हणाली, हा विमानात बसला, तर मी पुन्हा कीर्तन ऐकणार नाही.

सुनीती : अहो आई! रुक्मिणीचं लग्न बुवा लावतात, आणि हळद चढते तुमच्या तोंडावर. तुम्ही राहाल कीर्तनाशिवाय?

गिरजाबाई : म्हणून तर तेच बोलले. नावडती भाजी सोडून देवाला कोण फसवतं?

जयप्रकाश : आई, तू जा. खोटं मी बोललो, पाप माझ्या डोक्यावर. तुला कळलंच नाही असं समज.

गिरजाबाई : कळलं ना पण.

सुनीती : राम समजून घेईल हो.

गिरजाबाई : तो घेईल गं. बोलले मी होते. तू हो पुढं. सुमित्राबाईंना सांग, कुणी म्हातारी उभी असेल तर तिला द्या जागा. आणि जाताना ती खिडकी तेवढी ओढून घे.

जयप्रकाश : आई…

गिरजाबाई : रडतोस काय घोड्या? मी पडले म्हटल्यावर डोंगरावरून उडून आलास. ये, बस असा. वरून काय दिसलं?

जयप्रकाश : काही नाही गं. नुसता बर्फ.

गिरजाबाई : असं उरकू नकोस. विमानाची शिडी चढलास, तिथपासून सांग. संध्याकाळ रिकामीच आहे माझी.