उजवीकडची रेघ

(वसमत, १९४७. दगडोबा पाथरवटाचं अंगण. मुलींना कुराण शिकवणारी खैरुनबी मेलेल्या नवऱ्याच्या नावानं पाणपोई बांधते आहे. तिथं बसवायचा कोरलेला दगड न्यायला ती आली आहे.)

खैरुनबी : फडकं काढा की, दगडोबाभाऊ. झाकून काहून ठेवलाय?

दगडोबा : आधी ऐकून घ्या. काल कड साफ करताना उजवा कोपरा उडाला. तुमच्या कागदावरली पयली उभी रेघ गेली.

खैरुनबी : अलिफ गेला?

दगडोबा : नाव मला ठावं न्हाई. तुमी बोरूनं काढून दिलं, मी बराबर तसंच उतरवलं. दगडात शीर होती, ती दिसली न्हाई.

खैरुनबी : अल्लाहचं नाव होतं ते, भाऊ. दिवस कसे चालू हायेत? लोक म्हनतील, मुद्दाम तोडलं.

दगडोबा : म्हनूनच दडवलं न्हाई. चुना भरून दिला असता, तर पुढं कवातरी निघाला असता अन् जाब तुमाला द्यावा लागला असता. दुसरा दगड आणून ठेवलाय. आठ दिसांत कोरून देतो.

खैरुनबी : तुकडा कुठं हाय?

दगडोबा : कोनाड्यात. पायाखाली येऊ दिला न्हाई.

खैरुनबी : बरं केलं. काढा फडकं.

दगडोबा : हे बगा. जोडलेल्या दोन उभ्या रेघा हायेत, शेवटची गाठ हाय, वरची बारीक दातेरी खूण बी शाबूत हाय.

खैरुनबी : थांबा... दुसरा दगड राहू द्या. हे वाचता येतं.

दगडोबा : अर्धंच?

खैरुनबी : अर्धं न्हाई. अलिफ गेला की उरतं 'लिल्लाह'. म्हंजे अल्लाहसाठी. कोणाकडून काही न घेता जे द्यायचं, त्याला आमी हेच म्हनतो.

दगडोबा : माझं मन राखायला म्हनून राहिल्या का?

खैरुनबी : पोरींना मी रोज हिज्जे घोकवते. मन राखायला अक्षर बदलत न्हाई. कोणी तकरार केली, तर दगडापाशी उभी राहून वाचून दाखवीन.

दगडोबा : मंग उजवी कड घासून सरळ करतो. उरलेलं बराबर मधी आलं पायजे.

खैरुनबी : करा. तुकडा मला द्या, नदीत सोडते.

दगडोबा : खाली तुमच्या मालकाचं नाव?

खैरुनबी : नको. लोक पाणी पिले की त्याचं पुण्य मालकाला पोचलं. पन एक सांगा. तुमच्यातली माणसं तिथं पितील का?

दगडोबा : दगड बसवायला मीच येनार हाय. काम झालं की पयला तांब्या मी मागीन.