तांबडा पाइन

रोपांचा बाजार उरकून मिनेको किनाऱ्यावरच्या थांब्यावर बससाठी उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या हातात काळ्या पाइनचं रोप.

“अहो, मला तांबडा हवा होता.”

“खारा वारा काळाच सोसतो. ऐन उन्हाळ्यात सगळे कोंब खुडले, तरी पुन्हा फुटतो. तुझा तांबडा लगेच रुसतो.”

“आमच्या डोंगरात सगळे तांबडेच. खाली गळलेल्या सुया इतक्या मऊ, की आई मला त्यांच्यावर निजवून आळंबी शोधायला जायची.”

“इथे समुद्र आहे, किनूए. करपून जाईल.”

“मीही डोंगरातलीच. लग्न झाल्यापासून हाच वारा सोसतेय.”

“मग? करपलीस का?”

“कधी विचारलंत?”

बस आली. आजोबा जागचे हलले नाहीत.

“चढा ना, आजोबा,” मिनेको म्हणाली.

“तुम्ही व्हा पुढे, ताई. आम्हाला हे रोप बदलून आणायचंय.”

“अहो, खरंच जगायचा नाही तो.”

“न्हाणीघरामागे लावू. तिथे वारा लागत नाही.”

“तिथून डोंगर दिसतो.”

“माहीत आहे. रोज तिथेच तर उभी असतेस.”