डब्यातली राख

(धुळ्याला पांझरेच्या काठी इंजिनिअरसाहेबांचा बंगला. माघातली सकाळ. मागच्या हिरवळीवर चिंधा माळी उकिडवा बसून खुरपतोय. खिडकीत साहेबांच्या मंडळी, सुनंदाबाई.)

चिंधा : नाचा बायांनो, नाचा. तुमचं काय जातं? बोलणी खायला चिंधा आहेच. पंगत तुमची, खरकटं आमच्या नावावर!

सुनंदाबाई : कुणाशी बोलतोस रे एवढं?

चिंधा : अं? कुणाशी नाही, बाईसाहेब. गवताशी.

सुनंदाबाई : गवताला बायांनो म्हणतात होय तुमच्याकडे?

चिंधा : मधमाश्यांशी म्हणा मग. या एकदांडीच्या फुलांवर बसल्यात बघा. एक उठली की दुसरी तयार, लग्नातल्यासारखी.

सुनंदाबाई : कौतुक पुरे. रविवारी क्लबातल्या बायका चहाला यायच्यात. गेल्या साली मुन्सफबाईंच्या तळपायाला माशी चावली, तर अजून त्या भेटल्या की आधी पाय दाखवतात, मग नमस्कार करतात. साहेब म्हणाले होते, हिरवळीवर पावडर टाक म्हणून. टाकतोयस ना?

चिंधा : चार दिवस झाले की. हे बघा ना हात.

सुनंदाबाई : आणि माश्या दिवसागणिक जास्त. पावडर खाऊन बाळसं धरतात वाटतं?

चिंधा : औषध जुनं झालं असेल. ओल लागली असेल डब्याला.

सुनंदाबाई : डबा कोरडा ठणठणीत आहे. परवा मी उघडून बोट घातलं. राख आहे आत. आमच्याच बंबातली.

चिंधा : राख काय, सगळीकडे सारखीच दिसते.

सुनंदाबाई : बंबात साहेब जुने नकाशे जाळतात. अर्धं धरण अजून शाबूत आहे त्या डब्यात.

चिंधा : साहेबांना सांगितलं?

सुनंदाबाई : सांगितलं असतं तर तू आज इथे खुरपत बसला असतास? पावडर कुठे गेली ते सांग.

चिंधा : कोठीमागं पुरली. कंबरभर खोल. विहिरीपासून लांब, शपथेवर सांगतो.

सुनंदाबाई : अरे पण का? गेल्या साली तर एका दिवसात डबा रिकामा केला होतास.

चिंधा : केला. भर दुपारी केला. फुलं उघडी, माश्या बसलेल्या, अन् वरून मी. दुसऱ्या दिवशी सूपभर झाडल्या. मेंदीच्या कुंपणात त्यांचं मोहोळ होतं तळहाताएवढं, ते नुसतं वाळल्या पानासारखं लटकत राहिलं.

सुनंदाबाई : पाहिलं होतं मी. तू झाडत होतास ते. मी पडदा ओढून घेतला.

चिंधा : मला वाटलं, ऊन लागत होतं तुम्हाला.

सुनंदाबाई : ऊनच लागत होतं म्हण. आता रविवारचं काय करायचं ते बोल.

चिंधा : करू की. खुर्च्या मांडायच्या तेवढ्यापुरतं गवत रविवारी तांबडं फुटायच्या आत कापतो. माश्या तेव्हा झोपलेल्या असतात. फूल नाही तिथं माशी कशाला येईल? कुंपणाकडची दोन हात पट्टी मात्र तशीच सोडतो, फुलांसकट. माश्यांची पंगत तिकडं, बायकांची इकडं.

सुनंदाबाई : आणि साहेबांनी विचारलं, ही पट्टी का ठेवली?

चिंधा : तुम्ही सांगा ना, विलायती पद्धत आहे म्हणून.

सुनंदाबाई : विलायतेचं नाव काढलं की ते पुस्तक काढतात. त्यापेक्षा सांगेन, माझी हौस म्हणून. बायकोच्या हौसेचं पुस्तक अजून कुणी छापलेलं नाही.

चिंधा : अन् मुन्सफबाईंना तेवढं वहाणा घालून बसायला सांगा.

सुनंदाबाई : हिरवळ दिसली की त्यांना आधी वहाणा काढायची घाई. पण चिंधा, खरं सांग. माश्यांचा एवढा पुळका तुला आजचा की जुना?

चिंधा : फाटक वाजलं वाटतं. आमची अक्का दिसते.

ताईबाई : राम राम, बाईसाहेब. चिंधा, तुले हुडकी हुडकी मना पाय दुखी गयात. सांगेल होतं ना मी, बाजारना दिवशी ये म्हणीसन?

चिंधा : कामं होती, अक्का. बस. पाणी पी.

ताईबाई : पाणी पिवाले नही उनू. सोमवारी पंच बठतीन. मना पोऱ्या वनानी काडीमोड शे. तू मामा त्याना, तुले येनंच पडी.

सुनंदाबाई : काडीमोड? वनाची, म्हणजे त्या शेवंताची? लग्नाला दोन वर्षं तरी झाली का हो? गोड पोर. लग्नात मला ओवाळलं होतं तिनं.

ताईबाई : तुम्हले काय सांगू, बाई. त्या भिंतनामांगे नदीमां मनी टरबूजनी वाडी शे ना? गेल्या साली बठ्ठी वाया गई. वेल हे एवढाले, फुलं पिवळीजर्द, आनि फळ पाहा तं दोन-चार. ती बी वाकडी, मूठभर. सून विटाळमां वाडीत गई. तिना पाय लागना आनि वाडी बसनी. बठ्ठं गाव जानस.

सुनंदाबाई : तुम्ही पाहिलं तिला जाताना?

ताईबाई : भरतानी वांगी आणेल शेत तुम्हनाकरता. देठ तं पाहा, कशी हिरवी शेत. तेल लाईसन भाजज्या, नहीतं फुटस वांगं.

सुनंदाबाई : देखणी आहेत. पण मी शेवंताचं विचारत होते.

ताईबाई : ती पिंपळनेरले शे. मायबापकडे. दहा महिना व्हयनात तिले धाडी दिधी.

चिंधा : अन् वना काय म्हणतो?

ताईबाई : तो काय म्हणस! भाकर खास आनि पिंपळनेरनी मोटार येस त्या रस्ताकडे तोंड करी बठस. दुसरी कराव की व्हई नीट. चाळीसगावनी पोर शे, तोंड धुईसन तयार. तू फक्त सोमवारी पागोटं बांधी ये आनि मान हालाव. जास्त बोलू नको. तुले बोलनं जमत नही.

चिंधा : ते खरं. नाहीच जमत.

सुनंदाबाई : चिंधा...

चिंधा : अक्का, आपला बाप वाडीतलं मोहोळ कधी काढायचा गं?

ताईबाई : आता हाई काय मधीच? फळ नारळएवढं व्हस नही तोवर मोहोळले हात लावू दे नही कोनले. तू एकदाव दगड मारा, तं दोन दिन भाकर दिधी नही तुले.

चिंधा : काय म्हणायचा तेव्हा?

ताईबाई : म्हणे, माशी गई तं टरबूज गयं. मंग? म्हातारानं बोलनं काय आज काढी बठना?

सुनंदाबाई : ताईबाई, मी सांगते. गेल्या माघात...

चिंधा : तुम्ही थांबा, बाईसाहेब. हुकूम तुमचा, पण डबा माझ्या हातात होता. अक्का, गेल्या माघात तुझ्या वेलांना फुलं आली ना, त्याच आठवड्यात मी या हिरवळीवर विष टाकलं. साऱ्या फुलांवर, भर दुपारी. सूपभर माश्या मेल्या. भिंतीपलीकडं तुझी फुलं वाट बघत बसली अन् इकडून कुणी गेलंच नाही. शेवंताच्या पायाचं काही नाही, अक्का. माझं आहे.

ताईबाई : सालभर मुका बसना तू?

चिंधा : आधी वाटलं, नोकरी जाईल. मग तू पोरीला मोटारीत बसवून दिलीस, तेव्हा तर जीभ उचलेचना. यंदा डब्यात राख भरली अन् रोज तीच उडवत बसलो. तेवढंच सुचलं मला.

सुनंदाबाई : सोमवारी मीही येते पंचांपुढे. टाक म्हणून मीच साहेबांच्या मागे लागले होते, ते सांगते. हसले तर हसू देत.

ताईबाई : नका, बाई. तुम्ही नका येवू.

चिंधा : का नको? मी सांगेन, बाईसाहेब सांगतील. तू एवढंच म्हण की डोळ्यांची भूल झाली. वाडीत तिला पाहिलं म्हणून गावात सांगितलंस ते...

ताईबाई : आज पिंपळनेरनी मोटार कवळ शे?

सुनंदाबाई : बाराला असते. साहेबांचा शिपाई त्याच गाडीनं जातो.

ताईबाई : मंग वांगी ठेवी घ्या, मी निंघस.

चिंधा : अक्का, मी काय विचारतोय? तू पाहिलंस ना तिला वाडीत?

ताईबाई : मी काहीच पाहिलं नही, चिंधा. वाडी गई, येता-जाता लोके विचारेत, काहीतरी सांगनं पडे. ती पोर त्या चार दिन घरना ओटा बी उतरनी नव्हती.